वायपर पोत्यात आहेत

गाडी विकून बरेच दिवस झाले, पण अजून गोठ्याकडे जाताना हात खिशात किल्ली चाचपतो. गोठा म्हणजे खरंच गुरांचा गोठा. गुरं गेली तेव्हा मी त्याचं गॅरेज केलं, सारवलेली जमीन खणून कोबा घातला, दावणीच्या जागी टूल्सचं कपाट, वर चार ट्यूबलाईटी, पण आई अजूनही त्याला गोठाच म्हणते, आणि तिचं काही चुकत नाही, कारण पंधरा वर्षं मी तिथे एक भाकड गायच पाळली होती. खायला भरपूर, द्यायला काही नाही, आणि आल्यागेल्या पाहुण्याला कौतुकाने दाखवायची.

गाय म्हणजे प्रीमियर पद्मिनी, १९९४ ची. आमच्याकडे कोणी तिला पद्मिनी म्हणत नाही, सगळे फियाटच म्हणतात, आणि तेही बरोबर, कारण मूळ गाडी इटलीची फियाट ११००, ती प्रीमियरवाले कुर्ल्याच्या कारखान्यात बनवायचे, पद्मिनी हे नाव १९७४ च्या सुमारास लागलं. १०८९ सीसीचं इंजिन, गिअर स्टेअरिंगला, पुढच्या खिडकीला ती छोटी तिकोनी काच, जी उघडली की वारा थेट तोंडावर. ज्यांनी त्या काचेचा वारा खाल्लाय त्यांना एसीचं कौतुक सांगू नये.

ही गाडी आमच्या पंचक्रोशीतल्या डॉक्टरांची. रत्नागिरीजवळ आरे-वारेच्या पुढे किनाऱ्याकिनाऱ्याने जी गावं आहेत तिथे तेव्हा रात्री-अपरात्री येणारे डॉक्टर म्हणजे तेवढेच. २०१० मध्ये त्यांनी दवाखाना बंद केला आणि मुलाकडे ठाण्याला जायचं ठरवलं तेव्हा मी ती घेतली, पस्तीस हजाराला. पांढरी, साधी, एका दाराला पोचा. किल्ली देताना त्यांनी डिकीतून एक गोणपाटाचं पोतं काढून दाखवलं, त्यात जुने प्लग, पॉइंट, फॅनबेल्ट, वायपरची जादा पाती, आणि कशाचं तरी एक झाकण जे कशाचं ते त्यांनाही आठवत नव्हतं. म्हणाले, "पोतं गाडीबरोबरच राहू दे. गाडी देशील त्याला पोतंही दे." मी हसलो. मी कशाला देतोय गाडी.

मग मी ती "बनवायला" घेतली. हा शब्द मी तेव्हा सर्रास वापरायचो, गाडी बनवतोय, गाडी बनवायला टाकलीय, जणू काही ती आधी बनलेलीच नव्हती.

माझं इलेक्ट्रिकलचं दुकान आहे, त्यामुळे वायरिंग माझं मीच केलं, बाकीचं रत्नागिरीतल्या एका डेंटर-पेंटर मिस्त्रीने, कुशनवाल्याने, आणि काही पार्ट मुंबईहून. रंग मोरपंखी, तोही एका झटक्यात नाही, तीनदा नमुने मारून, कारण मला जो मोरपंखी हवा होता तो उन्हात हिरवा आणि सावलीत निळा दिसला पाहिजे होता आणि मिस्त्री म्हणायचा असा रंग मोरालाच विचार. बंपर, ग्रील, हबकॅप सगळ्याला नवीन क्रोम केलं, मग हबकॅप काढून अ‍ॅलॉय घातले, म्हणजे क्रोमचे पैसे वाया. पुढची लांब सीट काढून दोन बकेट सीट. डिकीत सबवूफर. पुढच्या स्प्रिंगा बदलून आणि मागचे पाटे कमी करून गाडी खाली बसवली, इतकी की चाकाच्या कमानीत दोन बोटं जेमतेम जायची. डॅशबोर्डच्या खाली निळी लाईट. आणि वायपर काढले. हो, वायपर. नेटवर कुठल्यातरी परदेशी गाडीचा फोटो बघितला होता, समोरची काच अशी स्वच्छ, तिच्यावर एक काडी नाही, म्हटलं आपणही करायचं. पाती-दांडे काढले, भोकांवर क्रोमच्या टोप्या बसवल्या, आणि वायपरच्या बटणाची वायर मोकळी झाली तर तिलाच ती निळी लाईट जोडून टाकली. फार हुशारी वाटली होती तेव्हा. पावसात गाडी काढायचीच नव्हती, मग वायपर हवेत कशाला.

जे जे काढलं ते पोत्यात गेलं. एका पोत्याची पुढे तीन पोती झाली आणि स्प्रिंगा नि पाटे वेगळे बांधून माळ्यावर.

खर्चाची वही होती माझ्याकडे. पहिल्या वर्षी अगदी नट-बोल्टसकट लिहिलेलं आहे, दुसऱ्या वर्षी फक्त मोठे आकडे, आणि चार लाखाच्या जरा पुढे गेल्यावर वही कोरी आहे. बायकोने ती वही एकदाच वाचली आणि काही न बोलता परत खणात ठेवली, ती बोलली असती तर बरं झालं असतं. आई मात्र बोलायची. मी गाडीला पॉलिश करत बसलो की पडवीतून आवाज यायचा, "त्या पत्र्याला चोळतोस त्याच्या निम्मं तेल माझ्या गुडघ्यांना चोळलं असतंस तर मी आज देवळापर्यंत चालत गेले असते."

गाडी दिसायची मात्र जबरदस्त, हे मी आजही सांगेन. पुण्यात एका शोला नेली होती, डिसेंबरात, रात्रीची, रस्त्यावर कमी ट्रॅफिक म्हणून. मैदानावर रांगेत उभी केली, लोक वाकून वाकून इंजिन बघत होते, फोटो काढत होते, मी पिवळं फडकं घेऊन बाजूला उभा, कुणाचं बोट लागलं की लगेच पुसायला. एक सात-आठ वर्षांचा पोरगा आला, चारी बाजूंनी फिरला आणि मला विचारलं, "काका, ही चालते का?" म्हटलं, अरे म्हणजे काय, रत्नागिरीहून चालवत आणलीय. त्याला काही ते पटलं नाही. तो बापाला म्हणाला, "चालत नाही बहुतेक." तिसरा नंबर आला त्या दिवशी. कप अजून टीव्हीवर आहे. पण लक्षात राहिलाय तो पोरगा.

कारण खरं सांगायचं तर ती चालायची म्हणजे काय चालायची. गावातल्या स्पीडब्रेकरवर ती तिरकी करून, एकेक चाक चढवून काढायला लागायची. एकदा गुहागर तालुक्यातल्या एका लग्नाला निघालो, नवरदेव मित्राचा भाऊ, त्याची वरात माझ्या गाडीतून असं ठरलेलं. जयगडहून तवसाळला फेरीबोटीने जायचं, एरवी पंधरा-वीस मिनिटांचं काम. आम्ही पोचलो नेमके ओहोटीला. पाणी खाली गेलेलं, बोट खाली, जेटीचा उतार आणि बोटीची फळी यांचा मधे असा कोन झालेला की पुढची चाकं बोटीवर, मागची जेटीवर आणि गाडीचं पोट मधे टेकलेलं. पुढे पण जात नाही, मागे पण येत नाही. मागून एसटीतून उतरलेली माणसं, मासळीवाल्या, दोन बाईकवाले, सगळे बघतायत. बोटीवरच्या पोरांनी लाकडाच्या फळ्या आणल्या, आठ जणांनी उचलून गाडी आत घेतली आणि त्यात सायलेन्सर मधूनच तुटला. एक मासळीवाली मला म्हणाली, "एवढी नटवलीस तर जरा पाय पण द्यायचेस तिला." वरात निघाली, पण सायलेन्सरविना, त्या आवाजात बँडसुद्धा ऐकू आला नाही.

२०१९ च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टाचा निकाल आला की कंपनीने जशी गाडी बनवली त्याच्या विरुद्ध जाणारे बदल चालणार नाहीत, मोटर वाहन कायद्याचं कलम ५२. रंग मी आरसी बुकावर बदलून घेतला होता, ते रीतसर होतं. बाकीच्याचं काय बोलणार. तेव्हापासून गाडी बाहेर काढायची म्हणजे पोटात थोडी धाकधूक. एकदा एका नाक्यावर हवालदारांनी थांबवली, आधी सेल्फी काढला, मग पावती फाडली. मला राग पण आला नाही, दोन्ही गोष्टी त्यांनी मनापासून केल्या.

तर गाडी जास्त करून गोठ्यात असायची. जूनपासून दसऱ्यापर्यंत तर पूर्ण बंद, आमच्या जिल्ह्यात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, समोर समुद्र, वारा खारा. मी जाडजूड कव्हर आणलं होतं, आत मऊ अस्तर, खाली इलॅस्टिक, आणि त्यावर अजून एक प्लास्टिकचं. आगोटीची कामं सुरू झाली की लोक लाकडं भरतात, कौलं शाकारतात, सुकी मासळी-मिरच्या डब्यात घालतात, मी गाडी गुंडाळायचो. वर्षातला तेवढा एक दिवस आई मला कामाचा समजायची कारण त्या दिवशी मी तिची लाकडं पण भरून द्यायचो.

आता मूळ मुद्द्यावर येतो.

२०२४ मध्ये रजिस्ट्रेशन रिन्यू करायचं होतं. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी करावं लागतं, आणि २०२२ मध्ये त्याची फी सहाशेची पाच हजार झाली होती, ते जाऊ दे. पासिंगच्या आधी म्हणून मिस्त्रीकडे गाडी वर उचलली. त्याने खाली जाऊन टॉर्च मारला, स्क्रू-ड्रायव्हरने ड्रायव्हरच्या बाजूच्या पत्र्याला नुसतं टोचलं तर तो आरपार. मग दाराखालची पट्टी. मग मागच्या चाकाची कमान आतून. वरून मोरपंखी आरशासारखा, आतून पापडासारखे पापुद्रे. तो बाहेर आला, हात पुसले आणि म्हणाला, "हा आता पत्रा नाय राहिला. गंज आहे, त्याला रंग दिलेला आहे."

मी म्हटलं असं कसं होईल, पंधरा वर्षांत एक थेंब पडू दिला नाही तिच्यावर.

तो म्हणाला, तेच तर.

मग त्याने जे सांगितलं ते कोकणातल्या प्रत्येक गाडीवाल्याला माहीत असायला पाहिजे आणि मला नव्हतं. हवेतलं मीठ पत्र्यावर बसतं आणि मीठ ओल धरून ठेवतं. मे महिन्यातल्या मिठाच्या डब्याला पाणी सुटतं तसंच. त्यावर तुम्ही कव्हर घातलंत की आतल्या आत वाफ धरते, बाहेर जायला वाट नाही, आणि गाडी जागची हलत नाही म्हणजे वारा नाही, इंजिनची ऊब नाही, काही सुकतच नाही. त्यात दारांच्या खाली पाणी जायला कंपनीने जी बारीक भोकं ठेवलेली असतात ती आम्ही रंगाच्या नादात पुट्टीने बुजवून टाकली होती, फिनिशिंग चांगलं यावं म्हणून. "डॉक्टर पावसात रोज हिंडायचे," मिस्त्री म्हणाला, त्याने तेव्हाही ही गाडी केली होती, "पण घरी आले की गोड्या पाण्याने खालून धुवायचे आणि मे महिन्यात जळकं ऑईल फासायचे. पंधरा वर्षं पावसात चालली ती. तू घेतलीस तेव्हा एका दाराला पोचा होता, बस."

पासिंग झालं, पत्र्याचे तुकडे घालून झालं. पण त्या वर्षी दसऱ्याला पूजा करताना, चाकाखाली लिंबू ठेवताना सहज मीटर बघितला. मागच्या दसऱ्याला मी गंमत म्हणून मीटरचा फोटो काढला होता, तो उघडला. वर्षभरात गाडी ४१ किलोमीटर चालली होती. त्यातले निम्मे मिस्त्रीकडे जायचे-यायचे.

त्याच दसऱ्याची अजून एक गोष्ट. पूजा झाल्यावर गाडी देवळापर्यंत नेली, तेवढी तरी न्यायची पद्धत. वरच्या वाडीतली एक म्हातारी सोनं द्यायला आली होती, तिला म्हटलं बस, सोडतो घराकडे. डोळ्यांना तिला आता फार कमी दिसतं, त्यामुळे माझा मोरपंखी वगैरे तिच्या दृष्टीने काहीच नव्हता. ती बसली, मी दार लावलं. पद्मिनीच्या दाराचा एक आवाज असतो, आताच्या गाड्यांसारखा दबका नाही, कपाट बंद केल्यासारखा. ती गप्प बसली आणि म्हणाली, "डाक्टरांची फेट ना रं ही?"

मी म्हटलं हो आजी, कशावरून ओळखलीत. तर म्हणाली सुनेला रत्नागिरीला सिव्हिलला याच गाडीतून नेली होती, आषाढातली रात्र, मूल आडवं आलेलं. "कोण काय बोलत नव्हतं बघ. सून कण्हत व्हती नि काचेवरची ती काठी, खटक-फटक, खटक-फटक. मी त्याच्यावरच नजर लावून बसलेली. म्हटलं ही थांबली तर सगळंच थांबल." नातू आता मुंबईत कामाला आहे, तो आडवा आलेला. मग तिने समोर हात करून काच चाचपली, का कोण जाणे. मला उगाच वाटलं की ती वायपर शोधतेय.

त्यानंतर मी जाहिरात टाकली. बायकोला वाटलं पैशांची अडचण आहे. तिला मी नीट सांगू शकलो नाही.

२०२३ च्या ऑक्टोबरअखेर मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची मुदत संपून रस्त्यावरून गेली, पेपरात फोटो आले, तेव्हापासून या गाडीला अचानक गिऱ्हाईक आलंय. फोन खूप आले. निम्मे "लास्ट प्राइस?" वाले. एकाला लग्नात भाड्याने लावायला हवी होती, एकाला हॉटेलच्या दारात उभी करायला, इंजिन नसलं तरी चालेल म्हणाला. त्याचा नंबर ब्लॉक केला. काहींनी मी काय काय केलंय ते ऐकलं आणि भाव कमी केला, हे मला फार लागलं. जितकं मी सांगत जायचो तितकी किंमत उतरायची. मूळ सीट आहेत का, मूळ स्प्रिंगा आहेत का, स्टेअरिंगचा गिअर ठेवलाय ना, एवढंच सगळे विचारायचे. चार लाखाच्या कामाला कोणी काही द्यायला तयार नाही आणि भंगारवाला ज्याला हात लावला नसता त्या पोत्यांना भाव.

शेवटी कोल्हापूरचा एक तरुण आला, मे २०२५ च्या तिसऱ्या आठवड्यात. सोबत त्याचा मेस्त्री, साठीचा, तंबाखू मळत. तरुणाने गाडी बघितली, छान आहे म्हणाला, पण मेस्त्रीने बघितलीच नाही. तो थेट म्हणाला, "काढलेलं सामान कुठाय?" मी माळ्यावरून पोती खाली काढली, अंगणात ताडपत्रीवर सगळं ओतलं. म्हातारा उकिडवा बसला आणि एकेक वस्तू हातात घेऊन बघायला लागला, हबकॅप, आरसा, जुनं स्टेअरिंग, वायपर, आणि ते कशाचं ते माहीत नसलेलं झाकण. ते त्याने लगेच ओळखलं. मला सांगितलं पण कशाचं ते, आणि मी त्या गडबडीत विसरलो, आता कुणाला विचारू.

एक लाख ऐंशीला सौदा ठरला. फॉर्म २९, ३०, सह्या, फोटो. मी विचारलं रंग तरी ठेवाल ना. तो पोरगा सरळ होता, खोटं बोलला नाही. "नाही दादा. पांढरी करणार, जशी होती तशी. आजोबांची होती अशी." वाईट वाटलं, का नाही वाटणार. तीन नमुने मारले होते त्या रंगाचे. पण मग आठवलं की डॉक्टरांच्या पांढऱ्या रंगाचं मी काय केलं होतं. खरवडून काढला होता, आणि त्यांना विचारलं पण नव्हतं.

गाडी अशी खाली बसलेली घाट चढणार नाही म्हणून मेस्त्रीने गोठ्यातच काम काढलं. दीड दिवस राहिले ते. आईने बांगड्याचं तिखलं केलं, तर म्हातारा म्हणाला आम्हाला मटणाशिवाय जेवल्यासारखं वाटत नाही पण हे जमतंय, आणि चार भाकऱ्या खाल्ल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी मूळ स्प्रिंगा बसल्या, पाटे बसले, जुनी चाकं लागली, जॅक खाली घेतला आणि गाडी खाली आलीच नाही. म्हणजे आली, पण मला सवय होती तिथपर्यंत आली नाही, वरच थांबली. खूप वर्षं मांडी घालून बसलेलं माणूस उठून उभं राहावं तशी. पडवीतून आई बघत होती. "बघ," ती म्हणाली, "तिचे गुडघे झाले बरे."

दक्षिणेकडून आभाळ भरून आलं होतं. त्या वर्षी पावसाला फार घाई होती, मान्सून २५ मेलाच तळकोकणात उतरला, त्याच्या आधीच वळवाने धुमाकूळ घातलेला. मी म्हटलं आज राहा, सकाळी जा. पण पोराला घाई, संध्याकाळच्या आत घाट चढून जाऊ म्हणाला. निघताना सांगितलं, वायपर लावलेले नाहीत, पोत्यात आहेत, पाऊस आला तर थांबा. मेस्त्री म्हणाला काळजी नको, काचेवर तंबाखू चोळतो, पाणी ठरत नाही. ट्रकवाले करतात तसं. डिकीत सबवूफरच्या जागी पोती भरली आणि गेले. वळणावर ब्रेकलाईट लागली, उजवी जरा मंद, ती मी कधीची बघतो बघतो म्हणत होतो.

मी आत येऊन कव्हर घडी करायला घेतलं. आई म्हणाली ते दे इकडे, आणि तिने ते लाकडांच्या राशीवर घातलं. नीट बसलं. इलॅस्टिक वगैरे.

दीड तासाने फोन वाजला. पालीच्या पुढे नाणीजजवळ पाऊस गाठलेला. फोनमधूनच टपावरचा आवाज ऐकू येत होता, पत्र्यावर मूठमूठ खडी टाकल्यासारखा. तंबाखूने काही भागलं नाही. टपरीपाशी थांबून पोत्यातले वायपर काढून बसवलेत, पण बटण दाबलं की, पोरगा म्हणाला, "दादा, निळी लाईट लागतेय."

हसू आलं आणि मग घशात काहीतरी झालं. म्हटलं मेस्त्रींना फोन दे. डॅशबोर्डच्या खाली, उजवीकडे, पिवळी वायर आहे, तिला काळी टेप आहे, ती माझी आहे, ती काढा. बाजूलाच हिरवी मोकळी सोडलेली आहे, ती जोडा. मोटर चालेल का माहीत नाही, बारा-तेरा वर्षं फिरलेली नाही.

म्हातारा फोन तसाच चालू ठेवून खाली वाकला असावा. खुडबुड, कुणीतरी टॉर्च धर म्हणालं, बाजूने एक ट्रक गेला. "निळी गेली," पोरगा म्हणाला. मग थोडा वेळ नुसता पाऊस. मग एक घरघर, अडकल्यासारखी, बंद झाली, परत झाली. आणि मग खटक. मोठी गॅप. फटक. मग खटक-फटक, खटक-फटक, खटक-फटक.

"चालला," पोरगा ओरडला. मी काही बोललो नाही. त्यांनीही फोन ठेवला नाही, विसरले बहुतेक, आणि मी पडवीत उभा राहून ऐकत राहिलो, साखरप्याच्या अलीकडे रेंज जाईपर्यंत.